शेततळ्यातील रोहू-कटल्याच्या खाद्याच्या वेळा: पचनाच्या गतीला धरून वेळापत्रक कसे बसवावे

शेततळ्यातले मासे वाढत नाहीत अशी तक्रार कानावर आली की मी खाद्य कोणते हे नंतर विचारतो, ते किती वाजता टाकता हे आधी विचारतो. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते. पहाटे धारा काढून झाल्या की डेअरीला जाता जाता घमेलेभर खाद्य तळ्याच्या एका कोपऱ्यात ओतले जाते आणि मधल्या एखाद्या दिवशी लग्नकार्य निघाले तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे एकदम टाकले जाते. गाईला वैरण टाकण्याची सवय असलेल्या माणसाला यात काही चुकते आहे असे वाटत नाही, कारण गाय रवंथ करते आणि तिच्या पोटात साठवणुकीला जागा असते. रोहूच्या पोटात तशी जागा नसते. पुढील सर्व टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

हा लेख ३० × ३० मीटरच्या, प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) एकत्र पाळणाऱ्यांसाठी आहे. तिलापिया आणि पंगस पाळणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळी सूचना दिली आहे, कारण त्यांची पचनसंस्था वेगळी आहे.

## सुरुवातीपूर्वी: माशाचे पोट कसे चालते

रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस हे सर्व कार्प कुळातले मासे असून त्यांना जठर नसते. त्यांच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. तिथे भरडलेले अन्न थेट आतड्याच्या पुढच्या फुगीर भागात उतरते. आम्ल नाही, पेप्सीन (जठरातला प्रथिने पचवणारा रस) नाही. प्रथिने, पिष्ट आणि स्निग्धांश यांचे पचन आतड्यातील पाचकरस आणि पित्त यांच्यावरच चालते. त्यामुळे एका वेळी पचू शकणाऱ्या अन्नाला मर्यादा असते. मागून आणखी अन्न येत राहिले तर पुढचे अन्न अर्धवट पचलेल्या अवस्थेत मागे ढकलले जाते आणि विष्ठेबरोबर पाण्यात पडते. खाद्य संपले म्हणजे ते पचले, असा निष्कर्ष इथे काढता येत नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. माशाचे शरीर पाण्याइतकेच गरम किंवा थंड असते. सोसवेल इतक्या मर्यादेत पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढले की पचनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि तितकेच घटले की निम्म्यावर येतो. पाणी २८ ते ३० अंश असताना रोहूला तीन-चार तासांत पुन्हा भूक लागते. १८ अंशांच्या पाण्यात सकाळचे खाद्य संध्याकाळीही आतड्यात सापडते.

तिसरी गोष्ट प्राणवायूची. खाल्ल्यानंतर पुढचे काही तास माशाला नेहमीपेक्षा बराच जास्त प्राणवायू लागतो, कारण पचन हे शरीराला पडणारे काम आहे. त्याच तासांत तो कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. खाद्यातील नत्राचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो आणि उरलेला पाण्यात जातो. २८ टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यात सुमारे ४५ ग्रॅम नत्र असते, म्हणजे त्यातले सुमारे ३० ग्रॅम आपण आपल्याच तळ्यात मिसळत असतो. ते कोणत्या वेळी मिसळायचे हे आपल्या हातात आहे.

## टप्पा १: आधी पाणी मोजा

खाद्याचे वेळापत्रक घड्याळ पाहून बसवू नये, पाणी पाहून बसवावे. त्यासाठी चार साधने लागतात: साधा पाण्याचा थर्मामीटर, विरघळलेला प्राणवायू तपासण्याचा थेंबांचा संच, सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता) तपासण्याचा संच, आणि पारदर्शकता मोजण्याची काळी-पांढरी चकती. सलग सात दिवस सकाळी सहा वाजता आणि दुपारी तीन वाजता नोंदी घ्याव्यात.

तापमान पृष्ठभागावर घेऊ नये. काळ्या प्लास्टिकच्या तळ्यात वरचा थर दुपारी चांगलाच तापतो आणि तो आकडा फसवा असतो. थर्मामीटर दोरीला बांधून कोपरभर खोल सोडावा, दोन मिनिटे तिथे ठेवावा आणि वर काढताच वाचावा. तीन मीटर खोल तळ्यात उन्हाळ्यात वरचे पाणी गरम आणि तळाचे थंड राहते, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाशी प्राणवायू जवळपास उरत नाही. ही बाब लक्षात ठेवावी, पाचव्या टप्प्यात ती पुन्हा लागणार आहे.

पहाटेचा प्राणवायू हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. रात्रभर शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ हे सर्व प्राणवायू खर्च करतात, तयार मात्र कोणी करत नाही. त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पाणी चांगले. ३ ते ५ असेल तर सावध राहावे. ३ च्या खाली असेल तर त्या सकाळी खाद्य बंद ठेवावे.

तपासणी: संच नसेल तर पहाटे टॉर्च घेऊन तळ्यावर जावे. मासे तोंड वर काढून हवा घेत असतील आणि पाऊल वाजल्यावरही खाली जायला वेळ लावत असतील, तर प्राणवायू धोक्याच्या पातळीवर आहे असे समजावे.

चकती २५ ते ४० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाली तर पाण्यात प्लवंग (तरंगणारे सूक्ष्म जीव) पुरेसे आहेत. २० सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाली तर पाणी अतिहिरवे आहे. अशा पाण्यात दुपारचा सामू ९ च्या आसपास किंवा वर जातो आणि त्याच पाण्यात अमोनियाचा विषारी भाग वाढतो. ज्यांचा दुपारचा सामू असा चढतो त्यांनी दुपारचा वाटा कमी ठेवून सकाळचा वाढवावा.

## टप्पा २: माशांचे वजन नक्की करा

दर पंधरा दिवसांनी फेकजाळ्याने किमान वीस मासे काढावेत. जाळे एकाच कोपऱ्यात टाकू नये, नाहीतर खाद्याच्या जागी जमणारे धीट आणि मोठे मासेच हाती लागतात आणि सरासरी फुगते. वजन सकाळी, पहिल्या खाद्याआधी करावे. भरल्या पोटी जाळ्यात सापडलेला मासा ताणाखाली येतो आणि आतड्यातले अन्न टाकून देतो.

हिशेब असा करावा. ८०० बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली होती, त्यातली ८५ टक्के जगली असे धरले तर ६८० मासे झाले. वीस माशांचे वजन ५ किलो भरले, म्हणजे सरासरी २५० ग्रॅम. एकूण वजन १७० किलो.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सोडलेल्या बिजाचा आकडा तसाच धरून खाद्य मोजले जाते, मेलेल्या माशांच्या वाट्याचे खाद्य रोज तळाशी जाते आणि जे मासे जिवंत आहेत ते जास्त खातात. जास्त खाण्याने ते वाढत नाहीत, आतड्याभोवती चरबी तेवढी साठते. मासा कापल्यावर आतड्याची वेटोळी पांढऱ्या चरबीत रुतलेली दिसली तर हेच घडते आहे.

## टप्पा ३: दिवसाचा कोटा ठरवा

माशाच्या आकाराप्रमाणे पाण्याच्या चांगल्या तापमानाला, म्हणजे २६ ते ३० अंशांना, मी पुढील प्रमाण धरतो.

- ५० ग्रॅमपर्यंतची बोटुकली: एकूण वजनाच्या ४ ते ५ टक्के.
- ५० ते १०० ग्रॅम: ३ ते ४ टक्के.
- १०० ते ५०० ग्रॅम: २ ते ३ टक्के.
- ५०० ग्रॅमच्या वर: १ ते २ टक्के.

वरच्या उदाहरणात १७० किलोच्या २.५ टक्के म्हणजे दिवसाला ४.२५ किलो होतात. या आकड्याला नंतर तापमानाची कात्री लावावी. २२ ते २६ अंशांत पाऊण, १८ ते २२ अंशांत अर्धा, १८ च्या खाली पाव कोटा. पाणी १५ अंशांच्या खाली गेले तर काहीच देऊ नये. उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांच्या वर गेले तर कोटा पुन्हा पाऊण करावा, कारण गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता मात्र घटते.

हे आकडे आरंभासाठी आहेत. अंतिम निर्णय सहाव्या टप्प्यातल्या तपासणीवर सोडावा.

इशारा: नाशिक, अहिल्यानगर, जालना या भागांत डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की तळ्याचे पाणी दोन-तीन दिवसांत खाली येते. कोटा मात्र पंधरा दिवसांनी, पुढच्या वजनाच्या वेळी बदलला जातो. मधल्या काळातले खाद्य कुजते. थर्मामीटर रोज पाहावा आणि कोटा त्याच दिवशी बदलावा.

## टप्पा ४: वेळा बसवा

आता घड्याळाकडे यावे. २६ ते ३० अंशांच्या पाण्यात, १०० ग्रॅमच्या वरच्या माशांसाठी दिवसाच्या कोट्याचे तीन वाटे करावेत.

पहिला वाटा सकाळी नऊ ते साडेनऊ. सूर्योदयानंतर शेवाळ प्राणवायू तयार करू लागते आणि तो कामापुरता वर यायला दोन-तीन तास लागतात. सहा वाजता टाकलेले खाद्य मासे खातात, कारण रात्रभराची भूक असते. पण पचनासाठी लागणारा प्राणवायू नेमका त्या वेळी पाण्यात नसतो. पचन मंदावते आणि तेवढा वेळ मासा श्वासासाठी झगडतो.

दुसरा वाटा साडेबारा ते एक. पहिल्या वाट्यानंतर साडेतीन तास गेलेले असतात, आतड्याचा पुढचा भाग मोकळा होत आलेला असतो आणि प्राणवायू चढता असतो.

तिसरा वाटा चार ते साडेचार. यापेक्षा उशीर करू नये. शेवटच्या खाद्यानंतर उजेडाचे किमान दोन-अडीच तास हाती असावेत, म्हणजे पचनाचा जोर आणि अमोनियाची लाट ही दोन्ही प्राणवायू पुरेसा असताना ओसरू लागतात. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो तेव्हा हा वाटा गाळावा.

आपल्या उदाहरणात ४.२५ किलोचे वाटे असे पडतील: सकाळी १.२५ किलो, दुपारी १.५ किलो, चारला १.५ किलो. दुपारचा सामू चढणाऱ्या तळ्यात हेच वाटे सकाळी १.७५, दुपारी १ आणि चारला १.५ असे करावेत.

५० ग्रॅमच्या आतल्या बोटुकलीचे आतडे लहान आणि चयापचय जलद असते. तिला दिवसातून चार वेळा, अडीच तासांच्या अंतराने थोडे थोडे द्यावे. पाणी २२ ते २६ अंशांवर असताना दोन वेळा, साडेदहा आणि अडीच वाजता द्यावे. २२ च्या खाली एकदाच, ऊन चांगले तापल्यावर बारा ते दोनच्या दरम्यान द्यावे.

एकदा ठरलेली वेळ रोज पाळावी, हा आग्रह मी सोडत नाही, आणि त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. गोल्डफिश हा रोहूचाच नातलग आणि त्यालाही जठर नाही. रोज ठरावीक वेळी खाद्य दिलेल्या गोल्डफिशवरील प्रयोगांत असे दिसले आहे की खाद्याच्या वेळेआधीच त्यांची हालचाल वाढते आणि आतड्यातील पिष्ट पचवणारा रसही वाढू लागतो. शरीर तयारीत असते. वेळ रोज बदलली तर ही तयारी होत नाही. आपल्या तळ्यावरही हे उघड्या डोळ्यांनी दिसते. रोज नऊला खाद्य मिळणारे रोहू पावणेनऊलाच त्या काठाशी घिरट्या घालू लागतात आणि माणूस काठावर उभा राहिला की पाणी तिथे हलके गढूळते.

तपासणी: नवे वेळापत्रक सुरू केल्यावर साधारण दोन आठवड्यांत मासे वेळेआधी जमू लागले पाहिजेत. जमत नसतील तर तापमान कमी आहे, कोटा जास्त आहे किंवा वेळ पाळली जात नाही, यांपैकी एक कारण असते.

## टप्पा ५: खाद्य टाकण्याची पद्धत

वेळ बरोबर आणि टाकणे चुकीचे असेल तर उपयोग होत नाही. अस्तर असलेल्या शेततळ्याचे काठ उभे आणि खोली जास्त असते. बुडणारी गोळी किंवा पेंड-कोंड्याचा गोळा अशा तळ्यात काठावरून घरंगळत थेट तळाशी जातो, आणि तळाशी, वर म्हटल्याप्रमाणे, उन्हाळ्यात प्राणवायू नसतो. मासा तिथे जात नाही. खाद्य सडते आणि मालक समजतो की माशांनी फस्त केले.

त्यामुळे क्रम असा ठेवावा. एक, जागा ठरवावी: वाऱ्याच्या दिशेचा काठ पाहून, तरंगते खाद्य वाहून कोपऱ्यात जाणार नाही अशा दोन जागा निवडाव्यात आणि त्या बदलू नयेत. दोन, तरंगत्या खाद्यासाठी पाण्यावर प्लास्टिक पाइपचा चौकोन बांधावा. तीन, वाट्याचा पहिला पाव भाग टाकून दोन-तीन मिनिटे थांबावे. मासे जोमाने खात असतील तरच पुढचा पाव भाग टाकावा. चार, पूर्ण वाटा वीस मिनिटांत संपला पाहिजे. संपला नाही तर उरलेले खाद्य पुढच्या वेळी वाढवून देऊ नये, ते त्या दिवसापुरते सोडून द्यावे.

पेंड आणि कोंडा वापरणाऱ्यांनी खाद्य पाण्यावर उधळू नये. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा सम प्रमाणात घेऊन, पेंड रात्रभर भिजवून, सकाळी कोंड्यात मळून त्याचे गोळे ट्रेमध्ये ठेवावेत आणि ट्रे एक मीटर खोल टांगावा. आंध्रात कोल्लेरू परिसरातील रोहूपालक छिद्रे पाडलेल्या पिशव्यांत खाद्य भरून त्या बांबूला टांगतात. मासा छिद्रातून टोचून टोचून खातो, थोडे थोडे खातो, आणि जठर नसलेल्या माशाला हेच मानवते. आपल्याकडे खताच्या रिकाम्या पिशव्या धुऊन हे सहज करता येते, मात्र दोन तासांत पिशवी रिकामी होईल इतकेच खाद्य भरावे आणि पिशवी रोज धुऊन वाळवावी.

कोंडा ताजा असावा. तेल न काढलेला कोंडा काही आठवड्यांत खवट होतो आणि खवट तेल माशाच्या यकृताला बाधते. पावसाळ्यात पेंडीवर बुरशी दिसली तर ती पेंड टाकून द्यावी, वाळवून वापरू नये, कारण बुरशीचे विष उन्हाने जात नाही. सोयाबीन कच्चे देऊ नये. त्यात प्रथिन पचवणाऱ्या रसाला अटकाव करणारा घटक असतो आणि तो भाजल्याने किंवा शिजवल्यानेच निकामी होतो. खनिज मिश्रण घेताना फॉस्फरस कोणत्या रूपात आहे ते वेष्टनावर वाचावे. जठरातले आम्ल नसल्याने रोहू-कटल्याला हाडांच्या चुऱ्यातला फॉस्फरस फारसा लागू पडत नाही, मोनोकॅल्शियम फॉस्फेट त्यामानाने चांगले पचते.

इशारा: रोहू मधल्या थरात, कटला वरच्या आणि मृगळ-सायप्रिनस खालच्या थरात खातात. फक्त तरंगते खाद्य दिले तर मृगळ उपाशी राहतो. कोट्यातला पाचवा हिस्सा ट्रेमधून एक ते दीड मीटर खोलीवर द्यावा.

## टप्पा ६: पचले की नाही ते पाहा

ट्रेची तपासणी रोज, खाद्यानंतर दोन तासांनी करावी. ट्रे रिकामा आणि स्वच्छ असेल तर पुढच्या वेळी ५ टक्के वाढ करावी. थोडे उरले असेल तर तेवढेच ठेवावे. पाव भागापेक्षा जास्त उरले असेल तर पुढचा वाटा गाळावा.

ट्रेमध्ये माशांची विष्ठाही सापडते, आणि ती पाहण्याची सवय फार थोड्या जणांना असते. निरोगी पचनाची विष्ठा गडद, हिरवट-तपकिरी, तुकड्यातुकड्यांची असते आणि बोटांत चिरडली की एकजीव होते. चिरडल्यावर कोंड्याचे कण जसेच्या तसे हाताला लागत असतील तर अन्न पचनापेक्षा वेगाने पुढे ढकलले जात आहे. लांब, पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली तर मासा खात नाही किंवा आतड्याला संसर्ग आहे. तेव्हा खाद्य थांबवून तज्ज्ञाला दाखवावे.

महिन्यातून एकदा एक मध्यम रोहू पहिल्या खाद्यानंतर तीन तासांनी काढून कापून पाहावा. पोटाची भिंत हलक्या हाताने उचलावी, आतडे फाडू नये. पुढचा फुगीर भाग अर्धा रिकामा आणि मागची वेटोळी भरलेली दिसली तर वेळेचे अंतर योग्य आहे. पुढचा भाग अजून गच्च आणि त्याची भिंत ताणून पातळ झालेली दिसली तर पुढचा वाटा लवकर दिला जात आहे. यकृताजवळ पित्ताशय असते. नुकत्याच खाल्लेल्या माशाचे पित्ताशय लहान आणि फिकट दिसते, कारण पित्त आतड्यात उतरलेले असते. खाद्य देऊन तीन तास झाले तरी ते टपोरे आणि गडद हिरवे असेल तर तो मासा खाद्यापर्यंत पोचलेलाच नाही. असे दोन-तीन मासे सापडले तर कोटा वाढवू नये, खाद्याच्या जागा वाढवाव्यात. धीट मासे दुबळ्यांना हुसकावत आहेत, एवढाच त्याचा अर्थ असतो.

## टप्पा ७: बदल हळूहळू करा

खाद्याचा प्रकार बदलायचा असेल, उदाहरणार्थ पेंड-कोंड्यावरून तरंगत्या गोळीवर यायचे असेल, तर आठ दिवस घ्यावेत. पहिले दोन दिवस पाव भाग नवे, पुढचे दोन दिवस अर्धे, मग पाऊण, मग पूर्ण. पाचकरसांचे प्रमाण अन्नाच्या प्रकाराप्रमाणे बदलते आणि त्याला काही दिवस लागतात. वेळ बदलायची असेल तर रोज पंधरा-वीस मिनिटांनी सरकवावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. खाद्य, वेळ आणि प्रमाण तिन्ही एकदम बदलणाऱ्याला नंतर कशामुळे काय झाले ते सांगता येत नाही.

चुकलेल्या दिवसाची भरपाई करू नये. एक दिवस खाद्य न मिळाल्याने ३०० ग्रॅमच्या रोहूचे काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट दिल्याने बिघडते.

## टप्पा ८: खाद्य बंद ठेवायचे दिवस

माझ्या स्वतःच्या तळ्यावरचा एक प्रसंग इथे सांगणे मला आवश्यक वाटते. पहिल्याच वर्षी श्रावणात तीन दिवस सूर्य दिसला नाही. दिवसभर कामात गेल्याने मी तिन्ही वाटे एकत्र करून संध्याकाळी साडेसहाला टाकले आणि माशांनी ते दहा मिनिटांत संपवले, म्हणून समाधानाने घरी गेलो. पहाटे पाचला तळ्यावर गेलो तेव्हा पाण्याचा सगळा पृष्ठभाग तोंडांनी भरला होता. कटला आधी जातो, तसाच गेला. सकाळी आठपर्यंत एकेचाळीस कटले मी हाताने बाहेर काढले आणि कापून पाहिलेल्या प्रत्येकाचे आतडे कोंड्याने गच्च भरलेले होते. ढगाळ दिवसांत शेवाळाने प्राणवायू तयार केलेला नव्हता, आणि जो थोडा होता तो रात्री पचनात गेला.

तेव्हापासून पुढील दिवशी मी खाद्य देत नाही किंवा कमी करतो.

- सलग दुसरा ढगाळ दिवस असेल तर निम्मा कोटा, तोही सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान एकदाच. तिसऱ्या दिवशी बंद.
- पाण्याचा हिरवा रंग अचानक तपकिरी किंवा पारदर्शक झाला, म्हणजे शेवाळ मेले, तर दोन दिवस बंद.
- पहाटेचा प्राणवायू ३ च्या खाली असेल तर सकाळचा वाटा बंद. दुपारी तो ५ च्या वर आला तरच चारला अर्धा वाटा.
- चुना, औषध किंवा शेणखत टाकलेल्या दिवशी बंद.
- जाळे ओढायच्या आदल्या दिवसापासून बंद.

एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) असला तरी हे नियम सुटत नाहीत. एरेटर मासे वाचवतो, पचनाची जागा घेत नाही. शिवाय वीज रात्री जाते.

## तिलापिया आणि पंगस पाळणाऱ्यांसाठी

या दोन्ही माशांना जठर असते आणि तिलापियाच्या जठरातले आम्ल तर फार तीव्र असते. ते एका वेळी अधिक अन्न साठवू शकतात. जलाशयातील पिंजऱ्यांत पंगसला दोन वेळा, सकाळी नऊला आणि दुपारी चारला देणे पुरेसे होते. तिलापिया दिवसभर चरणारा मासा आहे, त्याला जठर असूनही तीन वेळा देणे चांगले. पंगस मात्र भूक नसतानाही खात राहतो, म्हणून त्याला कोटा मोजूनच द्यावा, "मागेल तितके" देऊ नये. प्राणवायू, तापमान आणि ढगाळ दिवसांचे नियम त्यांनाही लागू आहेत. पंगस हवा घेऊन तग धरतो, पण अमोनिया त्यालाही बाधतो.

## काढणीपूर्वीचा उपवास

मासे विक्रीला काढण्यापूर्वी गरम पाण्यात २४ तास आणि थंड पाण्यात ४८ तास खाद्य बंद ठेवावे. भरल्या आतड्याचा मासा वाहतुकीत विष्ठा टाकतो, टाकीतले पाणी खराब होते आणि जिवंत मासा बाजारात पोचेपर्यंत मरतो. बर्फात जाणारा मासाही पोट भरलेले असेल तर लवकर नासतो, कारण मेल्यानंतरही आतड्यातले पाचकरस काम करत राहतात आणि पोटाची भिंत मऊ करतात. व्यापारी पोट दाबून पाहतो ते याचसाठी. वजन भरावे म्हणून काढणीच्या सकाळी खाद्य देणारे काही जण मी पाहिले आहेत. तो मासा दुपारपर्यंत पोटाशी फुटतो आणि त्याचा भाव उतरतो.

उपवास सुरू करण्याच्या दिवशी नोंदवहीत शेवटच्या खाद्याची वेळ, पाण्याचे तापमान आणि तळ्यातील अंदाजे वजन लिहावे. काढणीच्या दिवशी प्रत्यक्ष वजन त्याच ओळीत लिहावे आणि हंगामभर दिलेल्या एकूण खाद्याला वाढलेल्या वजनाने भागावे. गोळी खाद्यावर हा आकडा दीड ते दोनच्या दरम्यान आला तर वेळापत्रक बसले आहे. अडीचच्या वर गेला तर पुढच्या हंगामात खाद्याची कंपनी बदलण्याआधी नोंदवहीतला वेळांचा रकाना पुन्हा वाचावा.